शाळा कारखान्यातून जन्मली का? एका विज्ञान शिक्षकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवता. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एका वक्त्याने पाऊण तासात चार गोष्टी सांगितल्या. आजची शाळा प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतलं एक जुनं राज्य) राजाने कारखान्यांना आज्ञाधारक कामगार मिळावेत म्हणून काढली. दीडशे वर्षांत तिच्यात काडीचाही फरक पडलेला नाही. भारतात ती मेकॉलेने ठरवून लादली. आणि माणसाच्या लक्षात वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पण स्वतः केलेलं किंवा दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के राहतं. या चार पायऱ्या चढल्यावर पाचव्या पायरीवर टॅबलेट होते आणि त्यावर 'प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवणारी' एआय प्रणाली. आता मुख्याध्यापकांनी तुम्हाला अहवाल लिहायला सांगितलाय आणि तुम्ही विचारताय, यातलं खरं किती?

खरं-खोटं सांगतेच. पण तुमच्या अहवालाला लागणारा प्रश्न थोडा वेगळा आहे. समजा चारही गोष्टी खऱ्या निघाल्या, तर टॅबलेट घ्यावेत हे त्यावरून कसं ठरलं? आणि चारही खोट्या निघाल्या, तर घेऊ नयेत असं ठरतं का? दोन्ही ठरत नाही. इतिहासाला साक्षीदार म्हणून बोलावलंय, पण तो बोलतोय वकिलासारखा. म्हणून आधी त्याची उलटतपासणी करू आणि मग त्याला खरोखर काय माहीत आहे ते विचारू. ते जास्त उपयोगाचं आहे.

मी स्वतः या पापातून सुटलेली नाही. बावीस वर्षं गणित शिकवून मी शिक्षक-प्रशिक्षणाकडे वळले, तेव्हा पहिली तीन-चार वर्षं प्रशिया आणि पिरॅमिड (म्हणजे ते १०-२०-९० टक्क्यांचं चित्र) या दोन्ही स्लाइड माझ्याही व्याख्यानात होत्या. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेल्या. प्रशियाची स्लाइड आली की सभागृह हमखास माना डोलवायचं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, प्रशियात आधी कारखाने आले की आधी शाळा?" मी म्हटलं, "बहुतेक बरोबरच." ते 'बहुतेक' घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं. त्या आठवड्यात मी तारखा लिहून काढल्या आणि स्लाइड काढून टाकली.

तारखा अशा आहेत. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने खेड्यांतल्या शाळांसाठीचा तो प्रसिद्ध हुकूम काढला १७६३ मध्ये, सात वर्षांचं युद्ध संपल्यावर. रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्डची सूतगिरणी, जिला आधुनिक कारखान्यांची आजी म्हणता येईल, ती १७७१ ची, आणि तीही इंग्लंडात. प्रशिया तेव्हा मुख्यतः शेतीवर चालणारा मुलूख होता. त्या हुकुमात हिवाळ्यात शाळा पूर्ण वेळ आणि उन्हाळ्यात अर्धा वेळच, कारण उन्हाळ्यात मुलं शेतावर आणि गुरांमागे लागत. शिकवायचं काय, तर ख्रिस्ती धर्माची शिकवण, वाचन, लेखन. तिथली पहिली रेल्वे, बर्लिन ते पॉट्सडॅम, १८३८ ची. म्हणजे शाळेचा कायदा आणि रेल्वे यांच्यात पाऊणशे वर्षांचं अंतर.

आता दुसऱ्या टोकाने पाहा. शाळा जर कारखानदारांची गरज होती, तर ती सगळ्यात आधी कुठे दिसायला हवी? इंग्लंडात. तिथे घडलं उलटं. कारखान्यांच्या देशात सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला १८७० मध्ये, हजेरी सक्तीची झाली १८८० मध्ये, आणि बहुतेक ठिकाणी फी गेली ती १८९१ मध्ये. कारण सोपं आहे. गिरणीमालकांना मुलं शाळेत नको होती, गिरणीत हवी होती. १८३३ च्या कायद्याने ९ ते १३ वयाच्या गिरणीतल्या मुलांना रोज दोन तास शाळा द्यायला मालकांना भाग पाडलं. कारखाना आणि शाळा एकाच मुलाच्या दोन हातांना धरून दोन दिशांना ओढत होते.

मग प्रशियाच्या गोष्टीत काहीच तथ्य नाही? आहे. राजाला निष्ठावान प्रजा हवी होती, धर्मसत्तेला श्रद्धाळू माणसं हवी होती, पुढे राष्ट्र म्हणून एकजूट हवी होती. शाळा सत्तेच्या कामाला जुंपली गेली हे खरं आहे, आणि हे फक्त प्रशियात घडलं असंही नाही. 'आज्ञाधारक' हा शब्द राहू द्या. 'कारखान्यासाठी' हा शब्द खोडा. आणि एक गंमत: अमेरिकेत प्रशियाचं कौतुक पोचवणारा शिक्षणसुधारक होरेस मान १८४३ मध्ये तिथे जाऊन आला. त्याने अहवालात काय लिहिलं? की धडा घेताना शिक्षकाच्या हातात पुस्तक नव्हतं, शिक्षक बसलेला कधी दिसला नाही, आणि शेकडो वर्ग पाहिले पण शिक्षेच्या भीतीने रडणारं एकही मूल दिसलं नाही. त्याला भुरळ पडली ती शिस्तीच्या कवायतीपेक्षा चांगल्या तयारीच्या शिक्षकाची. स्लाइडवर हे कधी येत नाही.

कारखान्यासारखी शाळा इतिहासात खरंच होऊन गेलीय. तिचा जन्म प्रशियात झाला नाही, मद्रासमध्ये झाला. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ पासून तिथल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचं काम पाहत होता. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली, म्हणजे आपली धूळपाटीच. त्याने ती उचलली आणि मोठ्या मुलांना लहानांचे मॉनिटर करून शिकवायला लावलं. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने हीच पद्धत वाढवली. एका लांबलचक दालनात रांगाच रांगा, इशाऱ्यावर पाटी वर, इशाऱ्यावर पाटी खाली, आणि एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुलं. एक शिक्षक हजार मुलांना पुरेल असा दावा होता. तिचे पुरस्कर्तेच तिची तुलना वाफेच्या इंजिनाशी आणि सूतकताईच्या यंत्राशी करत. १८०६ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली आणि १८४० च्या आसपास जगभर ओसरली, कारण दहा-बारा वर्षांचा मॉनिटर जेवढं येतं तेवढंच शिकवू शकतो हे लोकांच्या लक्षात आलं.

म्हणजे गंमत बघा. कारखान्याच्या सर्वांत जवळ गेलेली शाळा ही 'मुलांनी मुलांना शिकवायचं' या तत्त्वावरची होती, आणि तिच्या जागी जी आली ती एका खोलीत एक प्रशिक्षित शिक्षक आणि एक इयत्ता अशी, जिला आज कारखाना म्हणतात. मुलांनी मुलांना शिकवू नये असं मी म्हणत नाही, मी रोज करून घ्यायची. पण कुठली पद्धत 'औद्योगिक' आणि कुठली 'भविष्याची' हे तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

कारखान्याची उपमा शाळेला कधी चिकटली? शाळेचा हा आकार रुळल्यावर पुष्कळ वर्षांनी, आणि चिकटवली ती टीकाकारांनी नव्हे, अभिमानाने मिरवणाऱ्या प्रशासकांनी. १९१६ मध्ये एलवुड कबरली या अमेरिकन प्राध्यापकाने लिहिलं की शाळा एका अर्थी कारखाने आहेत आणि मुलं म्हणजे घडवायचा कच्चा माल. तो कार्यक्षमतेचा, घड्याळ लावून मजुराचं काम मोजण्याचा जमाना होता. इंडियानात पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या गॅरी या गावात एकही खोली, एकही कार्यशाळा रिकामी राहू नये म्हणून मुलांच्या तुकड्या दिवसभर फिरत्या ठेवल्या जात. ही योजना न्यूयॉर्कमध्ये आणायला निघाले तेव्हा १९१७ मध्ये मुलं आणि पालक रस्त्यावर उतरले. तेव्हा कारखान्याची हवा शाळेत शिरली, पण शाळा त्यातून जन्मली नाही.

आणि आता मला सर्वांत आवडणारा पुरावा. सिडनी प्रेसी हा ओहायो स्टेट विद्यापीठातला मानसशास्त्राचा प्राध्यापक. १९२४ मध्ये त्याने सहकाऱ्यांपुढे एक यंत्र ठेवलं, टाइपरायटरसारखं दिसणारं. खिडकीत प्रश्न, खाली चार कळा. योग्य कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येणार नाही अशीही सोय होती, आणि ठरावीक उत्तरं बरोबर आली की गोळी बाहेर टाकणारा एक जोडही होता. आजचे ॲप बक्षीस म्हणून तारे देतात, प्रेसी खरोखरची गोळी द्यायचा. यंत्र फारसं खपलं नाही आणि १९३२ मध्ये त्याने खेदाने काम थांबवलं. थांबवताना त्याची तक्रार काय होती? की शिक्षण अजून हस्तव्यवसायाच्या पातळीवर आहे, त्यात 'औद्योगिक क्रांती' व्हायला हवी.

पुन्हा वाचा. १९३२ मध्ये यंत्र विकणारा म्हणतो, शाळा कारखान्यासारखी नाही म्हणून यंत्र घ्या. आज यंत्र विकणारा म्हणतो, शाळा कारखान्यासारखी आहे म्हणून यंत्र घ्या. रोग उलटा झाला तरी औषध तेच राहिलं. मी नंतरच्या प्रशिक्षणांत ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायची आणि पाच मिनिटं गप्प बसायची.

दीडशे वर्षांत शाळा बदलली नाही, या दाव्यासोबत एक दृष्टांत हमखास येतो. जुन्या शतकातला शल्यविशारद आजच्या शस्त्रक्रियागृहात आणला तर गांगरेल, पण शिक्षक आणला तर खडू उचलून शिकवायला लागेल. मुलांच्या हाती संगणक द्यावा म्हणणारे सेमूर पेपर्ट यांनी तो मांडला आणि ते स्वतः विचारवंत माणूस होते, पण तो नंतर फार स्वस्त झाला. मी त्या शिक्षकाला खरंच आणून पाहते. १८४० च्या आसपासची अमेरिकेतल्या खेड्यातली एका खोलीची शाळा घ्या. पाच वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सगळे एकत्र. ज्याच्या घरी जे पुस्तक असेल ते तो घेऊन आलेला. शिक्षक एकेकाला टेबलाशी बोलावणार, पाठ केलेलं म्हणून घेणार, पुढचा भाग नेमून देणार, मग दुसरा. बाकीचे बाकावर. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेची तऱ्हाही फार निराळी नव्हती: कुणी धुळाक्षरांवर, कुणी उजळणीवर, कुणी मोडी वळणावर, ज्याचा त्याचा धडा. वार्षिक इयत्ता नाही, सगळ्यांची एक परीक्षा नाही.

म्हणजे 'प्रत्येकाला आपापल्या गतीने' हे जुन्यात जुनं शिक्षण आहे. त्याची किंमत साध्या भागाकाराने कळते. तीन तासांची १८० मिनिटं, मुलं चाळीस, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटं शिक्षक. उरलेला वेळ वाट पाहण्यात. वर्गाने मिळून शिकणं हे त्या साडेचार मिनिटांवरचं उत्तर होतं. कोमेनियस या युरोपातल्या शिक्षणविचारकाने सतराव्या शतकातच एकाच वेळी अनेकांना शिकवण्याची बाजू मांडली होती आणि त्याला उपमा सुचली होती छापखान्याची, कारण त्याच्या काळातलं नवलाचं यंत्र तेच होतं. पुढे वाफेचं इंजिन आलं, मग कारखाना, आणि आता संगणक. शाळेची उपमा शाळेपेक्षा त्या काळातल्या यंत्राबद्दल जास्त सांगते.

त्या १८४० च्या मास्तराला आजच्या वर्गात आणखी काय काय अनोळखी वाटेल? लेखी परीक्षा, जी बोस्टनच्या शाळांत १८४५ मध्ये पहिल्यांदा घेतली तेव्हा केवढा गदारोळ झाला. वयानुसार इयत्ता. पर्याय निवडायचे प्रश्न, जे फ्रेडरिक केली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१४ च्या सुमारास रूढ केले. छडी नसणं. पण सर्वांत मोठा धक्का बाकांकडे पाहून बसेल. १८४८ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंना शाळेत जाता-येता शेण आणि चिखल झेलावा लागला. 'दीडशे वर्षांत काही बदललं नाही' असं म्हणणारा माणूस समोर फळा आहे एवढंच पाहतो, फळ्यासमोर कोण बसलंय ते पाहत नाही. या एका बाबतीत मी वक्त्याशी सौम्यपणे बोलू शकत नाही, माफ करा.

मेकॉलेबद्दल थोडक्यात. 'मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही' असं सुरू होणारं जे भाषण फिरतं, त्यावर लिहिलेलं असतं: ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता. तो १८३४ च्या जूनमध्ये मद्रासला उतरला होता. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे आणि ते टिपण कौन्सिलसाठी लिहिलेलं आहे. संसदेतलं भाषण बनावट. अस्सल टिपणात काय आहे? युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, आणि रक्ताने-रंगाने भारतीय पण रुचीने, मतांनी, नीतीने, बुद्धीने इंग्रज असा एक वर्ग घडवायचा आहे. अस्सल इतकं संतापजनक हातात असताना नकली कशाला लागतं, हे मला कळलेलं नाही. नकलीचा तोटा असा, की कुणी तारीख तपासली की तुमची खरी तक्रारही हास्यास्पद ठरते.

'इंग्रजांच्या आधी इथे शाळाच नव्हत्या' हीही तेवढीच थाप आहे, उलट दिशेची. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने आपल्या इलाख्यात १८२२ पासून माहिती गोळा करवली. १८२६ च्या त्याच्या टिपणात १२,४९८ शाळा आणि सुमारे १ लाख ८८ हजार विद्यार्थी आहेत, लोकसंख्या सव्वा कोटींच्या वर. घरी शिकणारे धरून शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा शिकत असावा असा त्याचा अंदाज. मुली नगण्य. त्या काळाच्या मानाने हे कमी नाही, आणि सुवर्णयुगही नाही.

पिरॅमिडवर मी वेळ घालवणार नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला, त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. ज्या अमेरिकन प्रशिक्षण संस्थेचं नाव खाली छापलेलं असतं, तिच्याकडेही मूळ संशोधन सापडत नाही. आणि तुम्ही विज्ञानाचे शिक्षक आहात: प्रयोगात १०, २०, ३०, ५०, ७५, ९० अशी गोंडस वाचनं आली तर तुम्ही मुलाच्या वहीत काय शेरा माराल?

आतापर्यंतचं एका दमात: शाळा सत्तेच्या कामाला लागली हे खरं, कारखान्यासाठी जन्मली हे नाही, ती पुष्कळ बदलली, मेकॉलेचं भाषण बनावट, टिपण अस्सल, पिरॅमिड रद्दीत. आता इतिहासाकडे जे खरोखर आहे त्याकडे वळते, कारण यंत्रांचा इतिहास त्या वक्त्याने सांगितलाच नाही, आणि तुमच्या अहवालाला तोच लागणार आहे.

१९१३ मध्ये एडिसन म्हणाला, शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, चित्रपटाने ज्ञानाची प्रत्येक शाखा शिकवता येईल, दहा वर्षांत शाळा पूर्ण बदलेल. हे मात्र तो खरंच म्हणाला होता. लोक ते हसण्यावारी नेतात. मला त्यात हसण्यासारखं एवढंच दिसतं, की वर्षभर आधीच त्याने घरगुती प्रोजेक्टर बाजारात आणला होता आणि ते कुणी आठवत नाही.

१९६१ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातून उडणाऱ्या डीसी-६ जातीच्या विमानांनी शाळांना धडे दिले. कल्पना करा: इंडियानावर २३,००० फुटांवर एक विमान इंग्रजी आठच्या आकड्यात घिरट्या घालतंय, पोटात व्हिडिओ टेपची यंत्रं, खाली लोंबणारा अँटेना, आणि सहा राज्यांतल्या वर्गांत दूरचित्रवाणीवर गणिताचा तास. उंचीवरून प्रक्षेपण लांबवर पोचतं, हा त्यामागचा विचार अगदी शुद्ध होता. १९६८ मध्ये ते बंद पडलं. १९६४ मध्ये अमेरिकन सामोआत तर जवळजवळ सगळं शिक्षण दूरचित्रवाणीवर नेलं, वर्गातला शिक्षक पडद्याचा मदतनीस झाला. पुढच्या दशकात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्या तक्रारी वाढल्या आणि पडद्याचे तास कमी कमी होत गेले.

आपल्याकडचा साइट (उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी) प्रयोग मी याहून वेगळा धरते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, नासाकडून वर्षभरासाठी मिळालेला एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्या. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी, सुट्टीत शिक्षकांसाठी प्रशिक्षण. तो मला आवडतो तो उपग्रहामुळे नाही. संच बिघडला तर दुरुस्तीला कोण जाणार, सुटे भाग कुठून येणार, हे आधी बसवलं होतं आणि पाहणारे काय शिकले याची पाहणीही आखून केली होती. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. प्रयोग म्हणून सुरू झाला, प्रयोग म्हणून मोजला गेला.

या सगळ्यांत कुणाचं शिकणं बिघडलं, कुणाचं सुधारलं, याचं एक उत्तर नाही; विषय, वय, भाषा, शिक्षक यांवर ते ठरलं. पण अडखळण्याच्या जागा मात्र त्याच त्याच आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचंच घ्या. १९५३ मध्ये तो मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. सोडवून झालेली मुलं ताटकळतायत, चुकलेल्यांना चूक दुसऱ्या दिवशी कळणार, हे त्याने पाहिलं आणि पुढच्या वर्षी यंत्र तयार ठेवलं. त्याचं निरीक्षण आजही शंभर नंबरी आहे. अडलं ते उत्पादकांशी जमण्यात, आणि यंत्रात घालायचा मजकूर कोण लिहिणार, या प्रश्नावर.

टिकलं काय? फळा. स्वस्त कागद. सायक्लोस्टाइल आणि नंतर झेरॉक्स. उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र, जे आयबीएमने १९३८ मध्ये आणलं आणि ज्याच्या वंशजांवर पुढे कित्येक प्रवेशपरीक्षा चालल्या. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या हुकमतीतल्या, ऐन तासाला न रुसणाऱ्या. चौथी प्रशासनाच्या सोयीची. मुलाच्या हातात देऊन शिक्षकाला बाजूला सारणारं यंत्र मात्र जवळजवळ दर पिढीत येतं आणि कपाटात जातं.

कपाटावरून आठवलं. मी शिकवत होते त्या एका शाळेत संगणककक्ष होता, वीस यंत्रं, सगळ्यांवर प्लास्टिकची आच्छादनं. किल्ली कार्यालयात, नोंदवहीत सही करून घ्यायची. ३५ मिनिटांचा तास. किल्ली आणून, मुलं बसवून, यंत्रं सुरू होईपर्यंत १४ मिनिटं जायची. मी घड्याळ लावून मोजलंय. वीसपैकी तीन-चार यंत्रं कधीच सुरू होत नसत, म्हणजे एकेका खुर्चीवर तिघं. शेवटची पाच मिनिटं बंद करण्यात. उरलेल्या १६ मिनिटांत भूमितीचं सॉफ्टवेअर खरोखर छान चालायचं. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० च राहते, हे पाहताना पोरांचे डोळे चमकलेले मी पाहिलेत. फळ्यावर ते होत नाही. म्हणून मी यंत्रांच्या विरोधात नाही. मी फक्त त्या १४ मिनिटांच्या विरोधात आहे, आणि ती कुठल्याही स्लाइडवर नव्हती.

तुमच्या शाळेत काय योग्य ठरेल हे मला इथे बसून सांगता येणार नाही. वर्ग ३० चा की ७० चा, वीज किती वेळ असते, मुलांची भाषा प्रणालीत आहे का, यावर सगळं अवलंबून. वक्त्याची एक व्यथा मात्र रास्त आहे: एकाच वयाची सगळी मुलं एकाच गतीने पुढे नेणं काहींना रखडवतं आणि काहींना चिरडतं. त्यासाठी प्रशियाच्या राजाची साक्ष लागत नाही, तुमच्या मागच्या चाचणीचे गुण पुरेत.

अहवाल मी असा लिहिला असता. इतिहासाला अर्धं पान, वरच्या चार दाव्यांची शहानिशा म्हणून. मग एकच धडा निवडायचा, समजा आठवीचा प्रकाशाचं परावर्तन, आणि विक्रेत्याला सांगायचं की हा धडा आमच्या एका तुकडीला, आमच्या वेळापत्रकातल्या तासात, आमच्या शिक्षकाच्या हातून शिकवून दाखवा, तुमच्या माणसाच्या हातून नाही. तो तास घड्याळ लावून बघायचा: शिकण्यात किती मिनिटं गेली, चार्जिंग, पासवर्ड आणि नेटवर्कमध्ये किती. दुसऱ्या तुकडीला तुम्ही नेहमीच्या आरशांनी आणि टाचण्यांनी शिकवा. तीन आठवड्यांनी दोघांना एकच चाचणी द्या, लगेच नव्हे. दोन तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण कुठे अडतं ते नक्की कळतं. त्याखाली विक्रेत्याकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: तिसऱ्या वर्षी बॅटरी कोण बदलणार, मजकूर चुकला तर दुरुस्त करायचा अधिकार शिक्षकाला आहे का, करार संपल्यावर मुलांची माहिती कुणाकडे राहणार.

मेकॉलेचा मुद्दा घ्यायचा की नाही ते मुख्याध्यापकांवर सोडा. घेतलाच, तर २ फेब्रुवारी १८३५ आणि कलकत्ता एवढे दोन शब्द पुरे होतील.